अडणारं पॅड

"काकू, तुम्ही बसून घ्या," दुकानातला अभिनंदन मगदूम म्हणाला आणि खुर्चीवरचा रिकामा खोका त्यानं खाली ठेवला. "ताईंना वेळ लागणार असं दिसतंय."

मी बसले. त्यानं म्हणायचीच वाट बघत होते म्हणा ना. तेव्हा मी मिरजेच्या एका हॉस्पिटलात नर्स होते. त्या आठवड्यात रात्रपाळी होती. सकाळी सांगलीला घरी येऊन डोळा लागतो न लागतो तोच केतकीनं हलवून उठवलं. "आई, चल ना माऊस घ्यायला. एकटीला नको वाटतं." एवढी घोडी झालेली, इंजिनिअर झालेली, आणि म्हणे एकटीला नको वाटतं! पण आले. पायांना सूज, डोळ्यांत झोप, आणि समोर काचेच्या कपाटात हे उंदीर ओळीनं मांडून ठेवलेले.

केतकी एकेक माऊस उचलायची, टेबलावर चार वेळा इकडून तिकडे ओढायची, उचलून परत टेकवायची, डोळे मिटून बटणं दाबायची आणि मान हलवून परत द्यायची. साडीच्या दुकानात मी जन्मात एवढी चिकित्सा केली नाही.

"हा जड आहे."

"गेमिंगचाच आहे ताई. भरपूर खपतो."

"खपू दे. दिवसभर उचलून उचलून मनगट जाईल माझं. हलका दाखवा."

त्यानं एक जाळीचा काढला. पाठीवर नुसती भोकंच भोकं, शेवेच्या सोऱ्याची चकतीच जशी. केतकीनं तो धरला आणि लगेच ठेवला. "हाताला टोचतो हा."

"तुम्ही धरता कसा ते दाखवा बरं एकदा," अभिनंदन म्हणाला. पोरगा चिवट होता, कंटाळत नव्हता. तिनं धरून दाखवला. "हां. तळवा टेकवत नाही तुम्ही. नुसत्या बोटांवर धरता. बोटं लांब आहेत ना. मग तुम्हाला आखूड लागेल, पाठ कमी उंच असलेला."

दुकानाबाहेर स्कूटरला टेकून आमचे हे उभे होते. त्यांची मान आमच्याकडे वळली. ती बोटं त्यांचीच. दिगंबर शिखरे म्हणजे एके काळचे कॅरमचे मोठे खेळाडू. सांगली-मिरजेत जुनी माणसं अजून ओळख देतात. खेळाडूंच्या कोट्यातून सरकारी नोकरी लागली तीही त्या बोटांच्या जिवावर. पण लग्नाला वर्ष होतंय तोवर हे रत्नागिरीला एक मोठी फायनल हरून आले, बोर्ड माळ्यावर टाकला आणि परत सोंगटीला हात लावला नाही. का, ते सांगितलं नाही. मीही खोदून विचारलं नाही. तेव्हा केतकी पोटात होती आणि मला ओकाऱ्यांतून उसंत नव्हती.

आता हे बाहेर का, तर बापलेक बोलत नव्हते. मला स्कूटरवरून सोडायला आले होते, आत येणार नाही म्हणाले. केतकी आपल्या गाडीवरून वेगळी आलेली. पुण्याच्या एका कंपनीची चांगली नोकरी चालून आली होती तिला, ती तिनं नाकारली. संगणकावर खेळतात तो नेमबाजीचा खेळ, पाच जणांच्या दोन टोळ्यांचा, तो तिला पोटापाण्यासाठी खेळायचा होता. हे म्हणाले, "खेळून कुणाचं भलं झालंय?" तिनं फाडकन उत्तर दिलं, "तुमचं नाही झालं म्हणून माझंही व्हायचं नाही का?" झालं. त्या दिवसापासून दोघांची तोंडं दोन दिशांना. एकाच ताटाळ्यातली ताटं घ्यायची, एकाच खोलीत बसायचं आणि बोलायचं माझ्यामार्फत. "तुझ्या लेकीला सांग, गॅस संपलाय." "बाबांना सांग, मी नंबर लावलाय." मी आपली मध्ये बसून टपाल वाटत होते. खाण तशी माती, दुसरं काय! दोघांतलं एक जरी माझ्यावर गेलं असतं तर बरं झालं असतं.

त्या रविवारी पुण्यात निवड होती. मुलींचा एक संघ होता, त्यात एक जागा रिकामी झाली होती. निवड झाली तर राहायला जागा, महिन्याला पगार, सगळं रीतसर. माऊस आणि पॅड ज्याचं त्यानं आणायचं होतं, आणि केतकीचा जुना माऊस नेमका आदल्या आठवड्यात बिघडला. नाही झाली निवड तर? त्याचाही निकाल माझ्याचमार्फत लागला होता. "बाबांना सांग, या वेळी नाही झालं तर मी मुकाट्यानं नोकरी धरीन. परत नाव काढणार नाही." मी पोळ्या लाटत होते. यांना सांगितलं. हे म्हणाले, "बघू." मी तिला सांगितलं, "बघू म्हणालेत." एवढाच तो करार.

शेवटी एक माऊस पसंत पडला. काळा, आखूड, अगदी साधा दिसणारा. एवढ्या उंदरांतून हाच काढायचा होता तर आधीच काढायचा! पण केतकीच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं. "हा बसला हातात," ती म्हणाली, आणि मला बरं वाटलं, उठता येईल म्हणून. कुठलं काय! अजून पॅड राहिलं होतं.

अभिनंदननं दोन पॅडं टेबलावर पसरली. एक कडक, प्लॅस्टिकसारखं, चकचकीत. दुसरं कापडी, जाडसर, खाली रबर.

"हे घसरणारं, हे अडणारं," तो म्हणाला. "या कडकवर माऊस नुसता पळतो. कापडीवर जरा धरून चालतो."

तेवढ्यात पायरीवर चपला वाजल्या. हे आत आले. मला वाटलं, ऊन लागलं असेल. टेबलाशी आले, कोणाकडे न बघता उजव्या हाताचं मधलं बोट कडक पॅडवरून फिरवलं, मग कापडी पॅडवरून. बोट निम्म्यात थांबलं तसं तोंड वाकडं केलं.

केतकीनं तोवर कापडी पॅड उचललं होतं. "हेच द्या. यातलं मोठं आहे का?"

"तुझ्या लेकीला सांग," हे मला म्हणाले, "अडणारी वस्तू कुणी हौसेनं घेत नाही. खेळात हात अडला की संपलं."

"बाबांना सांग," केतकी अभिनंदनकडे बघत म्हणाली, "नेम धरायचा म्हणजे जिथल्या तिथं थांबावं लागतं. हात थांबला नाही की संपलं."

अभिनंदन बिचारा माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "माझ्याकडे काय बघतोस? मी पोस्टात आहे." तो हसला. ही दोघं नाही हसली.

"आई, तूच सांग. बघ, हात लावून बघ."

मला काय कळतंय त्यातलं! मी हात लावला, कापड मऊ होतं, त्यावर डोकं ठेवून झोपावंसं वाटलं. "हेच चांगलं आहे," मी म्हटलं.

"उंदराला मांजर साक्ष!" असं म्हणून हे बाहेर गेले आणि स्कूटर सुरू करून बसले.

पुढचे दोन दिवस घरात त्या माऊसची खरखर चालू होती. मी ड्युटीवरून यायची, झोपायची, उठायची, की हिचा हात त्या कापडावर चालूच. शुक्रवारी संध्याकाळी तिनं मला बोलावून दाखवलं. पडद्यावर एक लाल टिंब कुठंही उगवायचं आणि हिचा नेम भसकन जाऊन त्याच्यावर गपकन थांबायचा. "बघितलंस? थांबतो बघ कसा." मी म्हटलं, "बघितलं बाई." दाराशी हे उभे होते. त्यांनीही बघितलं. मी वळले तशी पेपर घेऊन बाहेर गेले.

शनिवारी दुपारी आम्ही दोघी निघालो. मी दोन दिवसांची रजा मागून घेतली होती, ती कशी मागितली माझं मला माहीत. निघताना यांनी केतकीची पिशवी स्वतः खाली नेऊन रिक्षात ठेवली. मला नवल वाटलं. पण नवल करायलाही अंगात जोर लागतो. मी रिक्षात बसले आणि मान मागे टाकली.

रात्री धनकवडीला माझ्या मावसबहिणीकडे राहिलो. सकाळी बाणेरला. एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर गार, अंधारी खोली, पुढे ओळीनं पडदे आणि गाडीच्या सीटसारख्या खुर्च्या. सहा-सात मुली आल्या होत्या. कुणाबरोबर मित्र, कुणाबरोबर कुणीच नाही. आई आणलेली आमचीच एकटी. संघाची मॅनेजर म्हणजे एक आखूड केसांची मुलगी, तिनं मला पाणी आणून दिलं आणि सांगितलं, "काकू, प्रत्येकीला तीन डाव देणार. आमच्या चौघींबरोबर पाचवी म्हणून खेळायचं." केतकीचा नंबर लवकरच आला.

तिनं पिशवीतून गुंडाळी काढली, टेबलावर ठेवली आणि दोन्ही हातांनी झटक्यात उलगडली.

पांढरा धुरळा उठला. तिच्या काळ्या कुर्त्यावर, टेबलावर, शेजारच्या मुलीच्या कीबोर्डवर. पॅड सगळं पांढरं. केतकी नुसती बघत राहिली. शेजारची मुलगी खोकली आणि हसली, "दीदी, पावडरचा डबा सांडला की काय?"

मी मागे खुर्चीत होते. मला जवळ जायची गरज नव्हती. लग्नानंतर किती तरी महिने मी रोज सकाळी ती पावडर फरशीवरून झाडून काढली होती. कॅरमची बोरिक पावडर. बोर्डावर भुरभुरतात, म्हणजे सोंगटी पळते.

केतकी वळली. "आई, बाबांनी केलं हे."

"अगं, सांडली असेल..."

"माळ्यावरची पावडर माझ्या पॅडमध्ये येऊन सांडली? मुद्दाम केलंय. मी हरावं म्हणून. म्हणजे मुकाट नोकरी धरीन."

मलाही तेच वाटलं. खोटं कशाला सांगू! आपल्या नवऱ्याविषयी असं मनात आलं. पिशवी रिक्षात ठेवायची ती हौस मला आत्ता कळली, असं मी मनात म्हटलं.

"कोणाचं तरी पॅड मागू या," मी म्हटलं.

"दुसऱ्याच्या पॅडवर हात नाही बसत, आई. कळत कसं नाही तुला!"

मॅनेजर बोलवायला आली. केतकीनं कुर्त्याच्या बाहीनं पॅड पुसलं, पुसलं म्हणजे पावडर आणखी आत घासली, आणि बसली खेळायला. मला त्या खेळातलं कळत नाही, पण माझ्या पोरीची पाठ मला कळते. पाठ ताठ, खांदे कानाला भिडलेले. हात नुसता सटासट पुढे जात होता. पडद्यावर परत परत मरत होती. एकदा तर कोणी समोर नसताना भिंतीवरच गोळ्या झाडत सुटली. पहिला डाव गेला. गेला म्हणजे धुऊन गेला.

मधे जरा विश्रांती होती. ती पॅड आणि माऊस घेऊन तरातरा बाहेर जिन्यावर आली, मी मागोमाग. पॅड माझ्या हातात दिलं आणि भिंतीला टेकून उभी राहिली. रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं. मी सतरंजी झाडतात तसं ते पॅड जिन्याच्या कठड्यावर आपटायला लागले. पांढरे लोट खाली पार्किंगपर्यंत गेले. वॉचमन वर बघून ओरडला. मी म्हटलं, "ओरड बाबा, तूही ओरड."

मग मला असा काही संताप आला! इतके महिने दोघांची धुणी धुतली, निरोप वाहिले, वॉर्डात पेशंटांचं ऐकून घरी येऊन या दोघांचं ऐकलं. आता नाही. मी फोन लावला. आज याला सोडायचं नाही, असं ठरवूनच लावला. हे फोनवर नेहमी ओरडून बोलतात, समोरचं माणूस दुसऱ्या गावाला आहे म्हणून. कानापासून वीतभर लांब धरला तरी सगळं ऐकू येतं.

"अहो, तुम्ही हे..."

"सटकतंय का?" हे मोठ्यांदा म्हणाले. मला पुढं बोलूच दिलं नाही. "काय गं? सटकतंय ना छान?"

"काय?"

"पॅड! पावडर लावून दिलीय मी. तिला कळली की काय? कळू देऊ नकोस, माझी म्हटलं की पुसून टाकील. साधी नाही हो लावली. शुक्रवारी रात्रभर विचार केला, मग सकाळी जाऊन नवी आणली आणि मलमलच्या फडक्यातून चाळून घेतली. एक खडा सापडायचा नाही."

केतकी भिंतीपासून सुटून माझ्याजवळ आली होती.

"तिनं हट्टानं ते अडणारं घेतलं," हे बोलतच होते. इतकं सलग बोललेलं मी त्या वर्षात ऐकलं नव्हतं. "पोर आहे, तिला काय माहीत! रत्नागिरीला फायनलला काय झालं होतं माझं? समुद्राची हवा, बोर्ड दमट. स्ट्रायकर निम्म्यात थांबायचा. पंचाला म्हटलं पावडर टाकू द्या, तर नाही म्हणाला. त्या दमट बोर्डावर आयुष्य अडकलं माझं. पोरीचं तसं व्हायला नको. खेळायचंच आहे ना तिला, मग हात तरी मोकळा पाहिजे. सटकतंय ना?"

मी केतकीकडे बघितलं. ती माझ्या हातातल्या फोनकडे बघत होती. वर्गात बाईंनी अचानक शाबासकी दिल्यावर लहानपणी व्हायचा तसा तिचा चेहरा झाला होता.

"सटकतंय," मी म्हटलं. "छान सटकतंय."

"हां!" हे म्हणाले. "मग ठेव आता. तिचं लक्ष जाईल."

फोन ठेवला. जिन्यावर आम्ही दोघी, कठड्यावर पांढरं, माझ्या हातांवर पांढरं. केतकी मटकन पायरीवर बसली आणि आता रडली. मग मध्येच हसली. "मलमलच्या फडक्यातून, आई!" म्हणाली आणि परत रडली. मला काय वाटलं ते सांगते. मला लाज वाटली, आनंद झाला आणि त्या माणसाला धरून बडवावंसंही वाटलं, सगळं एकदमच. पण पॅड अजून निम्मं पांढरं होतं, म्हणून मी ते आपटत राहिले.

दुसऱ्या डावाला ती बसली तेव्हा तिचे खांदे खाली आले होते. पॅड अजून निसरडंच होतं, ते तिच्या हाताकडे बघूनच कळत होतं. पण ती आता त्याच्याशी भांडत नव्हती. जपून, थोडं थोडं सरकवत होती. मुली मागे येऊन उभ्या राहिल्या. आखूड केसांची ती मॅनेजरही आली. मघाची खोकणारी मुलगी म्हणाली, "ही तीच का?" दुसरा डाव केतकीनं जिंकून दिला.

तिसराही तसाच चालला होता. पण मध्येच तिनं माऊस उचलून आपटला. परत उचलला, खालून फुंकर मारली. पडद्यावरचा नेम जागच्या जागी थरथरायला लागला, मग एकदम आभाळाकडे गेला. ती डावीकडे ओढत होती आणि तो वर पळत होता. चार-पाच वेळा असं झालं, आणि डाव हातचा गेला.

निवड दुसऱ्या मुलीची झाली. मॅनेजर आम्हाला दारापर्यंत सोडायला आली. "तुझ्या दुसऱ्या डावासारखा आज कुणाचाच झाला नाही," ती म्हणाली. "तिसऱ्यात काय झालं गं? असो. दिवाळीनंतर अजून एक जागा होणार आहे. नक्की ये."

"बघते," केतकी म्हणाली. येणार असं नाही म्हणाली. शब्द दिला होता ना.

परतीच्या एसटीत सातारा जाईपर्यंत ती खिडकीतून बाहेर बघत होती. मग म्हणाली, "आई, पावडरीमुळे झालं असं बाबांना सांगायचं नाही."

"मी कुणाला काही सांगणार नाही," मी म्हटलं. "मी दमलेय." आणि खरंच, ते बोलता बोलता मला झोप लागली.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. यांनी दार उघडलं. कपडे बदलून, केस विंचरून तयार, पाहुणे यायचे असल्यासारखे. केतकी चपला काढून आत येऊन उभी राहिली. यांनी माझ्याकडे बघितलं.

"काय झालं, विचार तिला."

मी खाटेवर बसले आणि पाय वर घेतले. "तुम्हीच विचारा. माझ्यात त्राण नाही."

हे दाराची कडी उगाच लावत-काढत राहिले. मग केतकीच म्हणाली, "नाही झाली निवड."

तिनं ते कुणाला उद्देशून म्हटलं नाही, पण मलाही उद्देशून म्हटलं नाही. हे मान हलवत राहिले. मग काहीतरी करायचं म्हणून तिची पिशवी उचलली, त्यातून माऊस काढला आणि उलटा केला. त्यांनी तो खालून कधी बघितलाच नव्हता. वरून ओढतात ते बघितलं होतं, तेवढंच. त्यांना तो स्ट्रायकरसारखाच वाटला होता, चपटा आणि घसरणारा. बुडाला मध्ये एक भोक होतं आणि त्यात पांढरा लगदा बसला होता.

"हे भोक कसलं?" हे म्हणाले.

केतकी काढलेल्या चपला ओळीनं लावायला वाकली.

"हे कसलं भोक आहे, केतकी?"

किती दिवसांनी त्यांच्या तोंडून नाव निघालं! तिनं माझ्याकडे बघितलं. मी डोळे मिटून घेतले.

"डोळा आहे तो," ती म्हणाली. "माऊसचा. त्यातून तो खालचं कापड बघतो. बघितल्याशिवाय त्याला कळत नाही आपण कुठं चाललोय ते."

"म्हणजे हा नुसता घसरत नाही?"

"नाही बाबा."

यांनी खिशातून रुमाल काढला, त्याचं टोक पिळलं आणि त्या भोकातून पावडर काढायला लागले. निघेना. घामानं घट्ट झाली होती. करंगळीच्या नखानं काढायला गेले, मग थांबले.

"डोळ्यात धूळ घातली मी तुझ्या," ते म्हणाले.

"माझ्या नाही. त्याच्या."

हसायला कुणाला आलं नाही. हे खुर्चीवर बसले. माऊस ओंजळीत तसाच. "मीच हरवलं तुला."

"तिसरा डाव पावडरीनं गेला," केतकी म्हणाली. "पहिला नाही."

एसटीत तिनं मला काय बजावलं होतं ते मला आठवलं. मी उठून तिला गप्प करायला हवं होतं. पण उठले नाही.

"पहिला कशानं गेला?"

"तुम्ही मुद्दाम केलंत असं मला वाटलं. मी हरावं म्हणून. खेळताना डोक्यात तेच होतं."

आता हे उठून आतल्या खोलीत जाणार आणि परत वर्षभर दार बंद, असं मला वाटलं. हे उठले नाहीत. माऊसकडे बघत होते.

"वाटणारच," ते म्हणाले. "इतके दिवस मी तुझ्याशी एक शब्द बोललो नाही. दुसरं काय वाटणार तुला!"

त्यांचा आवाज फुटला. मी लग्न होऊन आल्यापासून या माणसाला रडताना बघितलं नव्हतं, रत्नागिरीहून आले तेव्हाही नाही. केतकी तिथंच फरशीवर त्यांच्या पायाशी बसली. हात नाही धरला, काही नाही. आमच्या घरात तसली रीत नाही. तिनं त्यांच्या ओंजळीतून माऊस घेतला, डोक्यातली पिन काढली आणि भोकातली पावडर कोरायला लागली. हे तिच्या बोटांकडे बघत राहिले.

"परत कधी आहे निवड?" जरा वेळानं ते म्हणाले.

"दिवाळीनंतर. पण मी नाही जाणार. शब्द दिलाय."

"कुणाला?"

"तुम्हाला."

"मला कधी दिलास?" हे म्हणाले. "आपण बोलत कुठं होतो? तू आईला दिलास."

दोघंही माझ्याकडे बघायला लागली. मी खाटेवर आडवी झाले होते आणि कूससुद्धा वळायची नव्हती मला. "माझ्या काही लक्षात नाही," मी म्हटलं. "मी तेव्हा पोळ्या लाटत होते."

केतकीनं पिन केसांत खोचली. माऊस उलटा धरून भोकावर फुंकर मारली आणि दिव्याकडे धरून बघितलं.

"मी येऊ बरोबर?" यांनी विचारलं. "दिवाळीनंतर?"

"या," ती म्हणाली. "पण पिशवीला हात लावायचा नाही."

"नाही लावत," हे म्हणाले.